हुंकारकाकांचं क्रीट

हुंकारकाका 'हं' हा एवढासा शब्द निदान अकरा तऱ्हांनी म्हणत. मी मोजले आहेत. 'पुढे चला'चा हं वेगळा, 'थापा मारताय, पण मारा'चा वेगळा, 'अरेरे'चा तर अगदीच वेगळा. आणि एक खास हं होता. तो ते नाकातल्या नाकात इतका हळू सोडत की बोलणाऱ्याला वाटावं, आपण आत्ता जे बोललो ते या पृथ्वीतलावर पहिल्यांदाच बोललं गेलं. मला तोवर आयुष्यात बायको, मुलगी, तीन बेडरूमचं घर आणि मिशिगनची थंडी असं सगळं मिळालेलं होतं. श्रोता तेवढा मिळाला नव्हता. तो हुंकारकाकांच्या रूपाने मिळाला. या माणसाने मला ऐकलं तसं आजवर कुणी ऐकलं नाही, आणि फसवलं तसंही कुणी फसवलं नाही. दोन्ही गोष्टी मी सारख्याच अभिमानाने सांगतो.

२००२च्या पानगळीत ते नागपूरहून मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावी आले, मुलाकडे. मुलगा प्रमोद आमच्या मागच्याच रस्त्यावर राहायचा. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. नागपुरात त्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून त्याने आणलं. अंगात प्रमोदचा जुना पार्का, तो गुडघ्यापर्यंत. डोक्याला माकडटोपी. आणि पायांत कडक पॉलिश केलेले काळे बूट, जणू कुठल्याही क्षणी साहेबांचं बोलावणं येणार आहे. काका एका सरकारी कचेरीत अडतीस वर्षं स्टेनो होते. साहेब बोलायचे, काका लघुलिपीत उतरवून घ्यायचे आणि मग साहेबांना वाचून दाखवायचे. झालं त्यांचं चरित्र.

आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ज्येष्ठांचा एक कोपरा असे. कुणी धरण बांधलेलं, कुणी कॉलेज चालवलेलं, एकाने तर मंत्र्याला तोंडावर उलट उत्तर दिलेलं. प्लेटमधला भात गार होईपर्यंत पराक्रम चालायचे. मग कुणीतरी सभ्यपणा म्हणून विचारायचं, "आणि तुम्ही काय करत होतात, काका?"

"मी बाप्पा, साहेबांचं लिहून घेत होतो."

"अच्छा, अच्छा. ती चटणी जरा इकडे द्या."

हे मी तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी तर त्यांचं वाक्य संपायच्या आत चटणी सरकली होती. काकांनी ती स्वतःच पुढे केली.

ऐकताना त्यांच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर सारखं फिरत राही. माझ्या बायकोला, रेवतीला, वाटायचं की ते जप करतात. मी एकदा सरळ विचारलं. "सवय आहे अविनाशभाऊ," ते म्हणाले. "कोणी बोलून राहिलं की बोट चालते. लिहिलं नाही तर मला ऐकूच येत नाही." मला हे फार आवडलं. माझं बोलणं कुणाच्या तरी मांडीवर का होईना, पण नोंदलं जातंय, हे सुख लहान नव्हतं.

२००३च्या मार्चमध्ये माझ्या कंपनीने मला ग्रीसमधल्या क्रीटला पाठवलं. आम्ही गाड्यांच्या कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवायचो. त्यातलं एक कुणाच्या तरी हुशारीने ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या भरणाऱ्या यंत्राला बसवलं गेलं, आणि ते यंत्र भूमध्य समुद्रातल्या त्या बेटावर, डोंगरातल्या एका गावच्या तेलगिरणीत रुसून बसलं. त्याची समजूत काढायला मी दहा आठवडे तिथे राहिलो. परत आलो तेव्हा गोष्टींनी गच्च भरलेला होतो. रेवतीने पहिल्या दोन, गिरणीतल्या यंत्राच्या, नीट ऐकल्या. तिसरीला म्हणाली, "अवि, डिशवॉशर रिकामा करता करता सांग ना." माझी मुलगी ईशा एवढंच म्हणाली, "डॅड, इज धिस अ लाँग वन?"

मग उरले हुंकारकाका. शनिवारी सकाळी प्रमोद आणि त्याची बायको मुलाला घेऊन पोहण्याच्या क्लासला जायचे, तेव्हा काका आमच्या गराजमध्ये येऊन घडीच्या खुर्चीत बसत. मी ऋतूप्रमाणे कधी गवत कापायचं, कधी बर्फ काढायचं यंत्र उघडून बसलेला असे. यंत्र हे निमित्त. आमचं क्रीट चालायचं.

मानोलीस नावाच्या माणसाचं त्या गावात कॉफीचं दुकान होतं. सकाळी गावातले पुरुष तिथे येत, काळे शर्ट, गुडघ्यापर्यंत बूट, भरघोस मिशा. एक कॉफी घेत, तळाशी बोटभर गाळ असलेली, सोबत पाण्याचा ग्लास, आणि त्या एका कपावर दुपार करत. मी मानोलीसला मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे लोक कामं कधी करतात? तो म्हणाला, "काम झाडं करतात. हे त्यांना त्रास देत नाहीत." काकांनी यावर लगेच 'पुढे चला'चा हं दिला.

पहिल्याच दिवशी त्या दुकानात माझी शोभा झाली होती. मी कॉफी मागितली. मानोलीसने हनुवटी वर उचलली. आपल्याकडे हनुवटी वर केली की 'काय पाहिजे?' असा अर्थ होतो, म्हणून मी पुन्हा सांगितलं, कॉफी. त्याने पुन्हा हनुवटी वर केली. मी आवाज चढवला. पाचव्या वेळी दुकानातले सगळे म्हातारे खुर्च्या वळवून बघायला लागले. शेवटी एकाने माझा हात धरून मला आत नेलं आणि गॅसची रिकामी टाकी दाखवली. त्या गावात हनुवटी वर करणं म्हणजे 'नाही'. मानोलीस बिचारा पाच वेळा नाही म्हणाला होता.

पण काकांची लाडकी गोष्ट उपवासाची. मी शाकाहारी, हे त्या गावाला कळेना. आजारी आहे का, असं हातवारे करून विचारत. पण आठवड्याभरात त्यांच्या मोठ्या सणाआधीचा उपवास सुरू झाला, आणि मानोलीसने सांगितलं की आता सारा गाव पन्नासएक दिवस मांस, अंडी, दूध सोडणार. मला आकाश ठेंगणं झालं. माझ्या घरमालकीणबाई होत्या एलेनी नावाच्या, काळ्या कपड्यांतल्या विधवा. त्यांच्यासमोर मी छातीवर हात ठेवून जाहीर केलं, मलाही उपवास आहे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. परधर्मातला माणूस, पण केवढी श्रद्धा. दुपारी त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. डोंगरावरून खुडून आणलेली रानभाजी, उकडून वर लिंबू आणि तेल. आणि मधोमध, पाय पसरून, ऑक्टोपस. त्याला रक्त नसतं अशी त्यांची समजूत, म्हणून उपवासाला तो चालतो. आपल्या साबुदाण्यासारखा.

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय? बाई कौतुकाने बघत होत्या. डोळे मिटले, साबुदाण्याची खिचडी आठवली आणि एक पाय खाल्ला."

"उरलेले सात?"

"मांजराला."

काका इतके हसले की खुर्ची घडी होता होता राहिली. पुढचे तीन शनिवार त्यांनी तीच गोष्ट मागितली. दरवेळी बारीकसारीक विचारत. ताट कशाचं होतं? बाई उभ्या होत्या की बसल्या? मांजर कुठल्या रंगाचं? असा श्रोता मिळाल्यावर माणसाने काय करावं? मी सगळं सांगितलं. मांजर पिवळं होतं.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. नोव्हेंबरात एका शनिवारी ती त्यांना सांगितली. त्यांनी विचारली नव्हती. तो नाकातला हं त्यांनी सोडला आणि ती आपोआप बाहेर आली.

क्रीटमधल्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून भावाचा फोन आला होता: बाबा गेले. त्याने विचारलं, "निघतोस का? उद्या संध्याकाळपर्यंत थांबवतो." अथेन्सहून विमान होतं. कंपनीने एका शब्दावर सोडलं असतं. मी कंपनीला विचारलं नाही, विमानाची चौकशी केली नाही. तासाभराने भावाला फोन करून सांगितलं की तिकीट मिळत नाही. यंत्र दोन दिवसांत सुरू होणार होतं, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण मला आजही धड सांगता येत नाही. बाबांना तसं पडलेलं बघायचं नव्हतं, बहुतेक इतकंच. रेवतीलाही तिकिटाचंच सांगितलं. ती इकडून फोनवर म्हणाली, "तिकीटच नाही तर तुझा काय दोष?" तेव्हापासून मी त्या वाक्याच्या आडोशाला राहत होतो.

एलेनीबाईंनी माझा चेहरा वाचला. हातांनी विचारलं, कोण? मी सांगितलं. त्यांनी कागद आणला, मला बाबांचं नाव उच्चारायला लावलं आणि त्यांच्या लिपीत लिहून घेतलं. चाळिसाव्या दिवशी त्यांनी गहू शिजवले, आपल्या घुगऱ्यांसारखे, त्यात बदाम, मनुका, डाळिंबाचे दाणे, वर साखर. तिथे मेलेल्या माणसासाठी असं करतात. गावच्या पाद्र्याने आधी दाढी खाजवली, कारण हे नाव त्यांच्यातलं नव्हतं. बाई त्याला काहीतरी सणसणीत बोलल्या. मग त्याने मृतांच्या नावांची यादी वाचली: यान्नीस, मारिया, दामोदर, स्तेलिओस. चर्चच्या अंगणात बाईंनी परात माझ्या हातात दिली, घरच्या माणसाने धरायची असते म्हणून. गावातला एकेक माणूस आला, मूठभर गहू घेतले, माझ्याशी दोन शब्द बोलला. मी परात धरून उभा होतो, आणि मला वाटत होतं की यांना कळलं तर हे लोक गहू परत टाकतील.

गोष्ट संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं, काकांचं बोट मांडीवर थांबलेलं होतं. मला वाटलं, हे त्यांनी लिहून घेतलेलं नाही.

"वहिनींना ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हं," ते म्हणाले. तो कितवा हं होता, ते मला ओळखता आलं नाही.

पुढच्या वर्षीची दिवाळी. एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता. त्यात 'ज्येष्ठांचे बोल' असा एक भाग. मी गाडीतून श्रीखंडाचे डबे आणायला गेलो होतो. परत येताना हॉलमधून हशा ऐकू आला. हशा ओळखीचा होता. म्हणजे, पुढचा हशा कुठे येणार हे मला आधीच कळत होतं.

दारातून पाहिलं. व्यासपीठावर बंद गळ्याच्या कोटात हुंकारकाका. "आमचे साहेब अभ्यासदौऱ्यावर गेले क्रीटले," ते सांगत होते. "आता साहेब म्हटल्यावर स्टेनो पाहिजेच ना सोबत." आणि मग हनुवटी, मानोलीस, गॅसची टाकी. मग उपवास. सावजी रश्श्यातली नळी टेबलावर आपटून खाणारा हा माणूस ऑक्टोपसचं नाव घेताना व्यासपीठावर शहारला, आणि सगळा हॉल त्याच्याबरोबर शहारला. कुणीतरी खालून ओरडलं, "काका, तुम्ही तर मटण खाता ना?" काका शांतपणे म्हणाले, "त्या वर्षी सोडलं होतं बाप्पा. सौभाग्यवतीच्या धाकानं." टाळ्या. खरं बोलायचं तर, माझ्यापेक्षा चांगलं सांगत होते. पाचव्या हनुवटीनंतर त्यांनी एक विश्रांती घेतली, ती मला दीड वर्षात सापडली नव्हती. हात डब्यांनी भरलेले नसते तर मी सुद्धा टाळी वाजवली असती.

मग त्यांचा आवाज उतरला. "तिथंच मला बातमी आली," ते म्हणाले, "माझा बाप गेल्याची."

सगळं सांगितलं. तेलाने माखलेल्या हातांनी घेतलेला फोन, विमान, तिकीट मिळत नाही ही थाप, कागद, गहू, परात. "जाता येत होतं. मी गेलो नाही," ते म्हणाले, आणि हॉलमध्ये खुर्ची वाजली नाही. पाद्र्याने नावं वाचली: यान्नीस, मारिया, नारायण, स्तेलिओस. दामोदर गेले. नारायण आले. तिसऱ्या रांगेत रेवती ओढणीने डोळे पुसत होती.

घरी जाताना गाडी मी चालवत होतो. ती म्हणाली, "बिचारे काका. योगायोग बघ, तुझ्यासारखंच, आणि तेही क्रीटलाच. तुला निदान तिकीट मिळालं नव्हतं. जाता येत असून गेलो नाही, हे घेऊन माणूस कसा जगत असेल रे?"

"जगतात," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी मला वाटलं, आता काही हे येत नाहीत. बरोबर दहाला आले. बूट पुसले, खुर्ची उघडली, बसले.

"काका, तुम्ही कधी क्रीटला गेला होतात?"

"नाही ना भाऊ." इतकं सरळ.

"मग?"

"अडतीस वर्षं साहेब म्हणे, 'मी पाहणी केली.' मी लिहून घेई, 'मी पाहणी केली.' मग वाचून दाखवी, 'मी पाहणी केली.' साहेब म्हणे, बरोबर आहे. आता मला सांगा, वाचताना काय म्हणू? 'त्यांनी पाहणी केली' म्हणू? मला दुसऱ्या तऱ्हेनं येतच नाही."

"साहेब समोर असायचे, काका. मी समोर नव्हतो."

"होते ना. दारात. श्रीखंड घेऊन."

माझ्या हातातला पाना खाली पडला. या माणसाने मला पाहिलं होतं, आणि पाहून पुढे सांगितलं होतं. "आणि बाबांचं?" मी विचारलं. "ते कशासाठी?"

त्यांनी वाकून पाना उचलला आणि माझ्या हातात दिला. "ते सांगायचं नव्हतं. पण लोकं ऐकून राहिले होते भाऊ. सत्तरी उलटली माझी, पहिल्यांदा कोणी ऐकून राहिलं होतं. थांबताच नाही आलं." मग म्हणाले, "तुम्ही उठून सांगा ना मंडळात, ही माझी गोष्ट आहे म्हणून. मी नाही म्हणणार नाही."

इथे माझी गाडी अडली. ऑक्टोपस माझा होता असं सांगायला काही हरकत नव्हती, पण ऑक्टोपस सोडवायला गेलो की मागोमाग बाबा निघाले असते. क्रीट माझं ठरलं असतं तर न गेलेला मुलगाही मीच ठरलो असतो, आणि ते पहिल्यांदा रेवतीला कळलं असतं. गोष्ट परत मिळवायची तर बायकोला गमवायची, निदान तिच्या नजरेतला मी गमवायचा, असा तो सौदा होता. काकांना हे ठाऊक होतं का? त्यांनी मला पेचात पकडलं होतं, की भाबडेपणाने खरंच मोकळं केलं होतं? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. निकाल लागलेला नाही.

त्या दिवाळीनंतर हुंकारकाकांचं नशीब फिरलं. पॉटलकच्या कोपऱ्यात धरणवाले आणि कॉलेजवाले गप्प बसून त्यांचं ऐकू लागले. प्रमोद मला म्हणाला, "यार, माझ्या जन्माआधी बाबा ग्रीसला जाऊन आलेत, आणि आम्हाला कधी बोलले नाहीत. किती हम्बल असावं माणसाने." सूनबाई त्यांच्यासाठी ऑलिव्ह आणू लागली. ते त्यांना मुळीच आवडत नसत, खावे लागत. एका वाढदिवसाला मी न राहवून सगळ्यांदेखत खिंडीत गाठलं. "काका, एलेनीबाईंचं मांजर कुठल्या रंगाचं होतं हो?"

"पिवळं," ते म्हणाले. "कानाशी जरासं पांढरं."

खरंच होतं पांढरं. मी त्यांना सांगितलेलं मला आठवत नव्हतं. मग सांगितलं असेलच. नाहीतर त्यांना कुठून कळणार?

आणि मी? मी एकदा कुठल्याशा पार्टीत सवयीने सुरुवात केली, "क्रीटमध्ये एकदा मी," तर समोरचा तरुण इंजिनियर म्हणाला, "अविनाशदा, काकांच्या गोष्टी ढापू नका यार." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर शनिवारी सकाळी मी गराजचं दार वर करायचं सोडून दिलं. बाहेरून बुटांचा आवाज यायचा, थांबायचा, परत जायचा. असे चार शनिवार झाले. पाचव्यापासून आवाजही आला नाही.

२००६च्या उन्हाळ्यात काका कायमचे नागपूरला परत निघाले. जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी अंगणात गवताला पाणी घालत होतो, तिथे आले. मी नळ बंद केला नाही.

"तुमचं तुम्हाला देऊन जातो, असं म्हणायला आलो होतो," ते म्हणाले. "पण आता वेगळं काढता येत नाही भाऊ. एलेनीबाई माझ्या स्वप्नात येते. मराठीत बोलते माझ्याशी."

"काय म्हणते?"

"विचारते, का नाही गेला?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"तुम्हीच कारण सांगितलं नव्हतं ना," काका म्हणाले. "मी काय सांगू?"

मी पाइपचं तोंड दुसऱ्या वाफ्याकडे वळवलं. ते 'येतो' म्हणाले आणि गेले. विमानतळावर आठ गाड्या गेल्या होत्या म्हणे. मी गेलो नाही.

पुढच्याच वर्षी ते गेले, झोपेतच. प्रमोद नागपूरला जाऊन सगळं उरकून आला. आल्यावर एका रविवारी दुपारी त्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही सगळे जमलो. फोटो, हार, घडीच्या खुर्च्या. चारपाच जण बोलले. मग प्रमोद माझ्याकडे वळला. "अविनाश, बाबांची क्रीटची गोष्ट सांग ना. तूच सांगू शकशील. त्यांच्या सगळ्यात जवळचा तू होतास."

मी उभा राहिलो. ठरवलं होतं की 'काका' म्हणून सांगायचं: काकांना फोन आला, काका गेले नाहीत. फोटोकडे पाहिलं. तोंडून निघालं, "मी." आणि मग मी थांबलो नाही. भावाचा फोन, अथेन्सचं विमान, मी न केलेली चौकशी. पाद्र्याने नावं वाचली: यान्नीस, मारिया, दामोदर, स्तेलिओस. माझा आवाज उतरला. चाळीस माणसांसमोर, भर दुपारी, मी चार वर्षांनी खरं बोललो होतो.

सगळे रडत होते, आणि रडता रडता हसत होते. प्रमोदने मला मिठी मारली. "हुबेहूब," तो म्हणाला. "बाबाच उभे केलेस रे. ते 'मी' म्हणणं, आवाज उतरवणं, सगळं त्यांचंच." धरणवाले आजोबा पाठ थोपटून म्हणाले, "नक्कल करावी तर अशी."

परतताना गाडी रेवती चालवत होती. आमचं वळण आलं तरी ती वळली नाही. पुढच्या सिग्नलला म्हणाली, "दामोदर म्हणालास."

"हो."

"तिकिटाची चौकशी तरी केली होतीस?"

"नाही."

हिरवा दिवा लागला. ती बराच लांबचा फेरा घेऊन घराशी आली आणि ड्राइव्हवेमध्ये थांबली. "हे तू काकांना सांगितलंस," ती म्हणाली. "गराजमध्ये. मी भिंतीपलीकडे पोळ्या करत असताना."

मी सीटबेल्ट सोडला.

"त्या दिवाळीला मी गाडीत काकांबद्दल काय बोलले, ते तू ऐकून घेतलंस. शेजारी बसून." तिचे हात अजून स्टिअरिंगवर होते. "काकांनी तुला फसवलं म्हणून तू त्यांच्यासाठी दार उघडत नव्हतास. मी आता काय बंद करू?"



"सांग आता मला," ती म्हणाली. "नक्कल नको. झालं तसं."

"फोन आला," मी सुरुवात केली, "तेव्हा माझे हात तेलाने माखलेले होते," आणि तिथेच अडलो. माझे हात स्वच्छ होते. मी त्या गिरणीत तारा जोडायला गेलो होतो, तेलाला बोट लावलं नव्हतं. ते तेल काकांनी घातलेलं. मी मागे जाऊन दुसरं वाक्य शोधू लागलो, माझं. रेवती इंजिन बंद न करता वाट बघत होती.